साडूंनी राखलेला डोंगर

लोकांना उद्या पोटभर जेवता यावं म्हणून आज त्यांना एकही घास सुखाने गिळू न देणारा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, हे यजमान. गाव डोळखांबच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. सगळी नोकरी भातसानगरला धरणावर झाली. तिथे ते दरवाजे उघडायचे आणि बंद करायचे. मुंबईतल्या माणसांना दोन वेळा आंघोळ करता यावी म्हणून जन्मभर पाणी सोडायचं, आणि सुट्टीला घरी आलं की आपल्याच बायकोला हंडा घेऊन टँकरपुढे उभी असलेली बघायची, याचा माणसाच्या डोक्यावर काहीतरी परिणाम होणारच. गावातल्या बाकीच्यांवर झाला तो टँकरवाल्याला शिव्या देण्यापुरता झाला. साडूंवर झाला तो कायमचा राहिला.

वाहता नळ त्यांना बघवत नाही. कोणाकडेही गेले तरी आधी मोरीत जाऊन सगळे नळ पिळून येतात, मग चप्पल काढतात. मुरबाडला आमच्या भाच्याचं लग्न होतं. पंगत उठून हात धुवायला गेली तेव्हा साडू तिथे आधीच पोचलेले होते, आणि माणसं साबण लावलेले हात घेऊन रांगेत उभी होती, कारण यांनी मागच्या टाकीची तोटीच बंद केली होती. एका तांब्यात चार माणसांचे हात कसे धुऊन होतात, याचं प्रात्यक्षिक ते नवरीच्या मामांवर करून दाखवत होते. त्याआधी जेवतानाही त्यांनी पनीर वाढणाऱ्याला पनीर कुठून आलं असं विचारलं होतं. त्याने प्रामाणिकपणे 'आतून' असं सांगितलं. तेवढ्याने साडूंचं समाधान होईना, म्हणून ते खरोखरच आत गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले ते थेट पंगतीच्या मधोमध. पूर्वी इथल्या लग्नात जे शिजायचं ते मांडवात उभं राहून नजरेला दिसेल एवढ्याच मुलखातलं असायचं, खाचरातला भात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी आणि वरी, बांधावरचा उडीद, ओहोळातले खेकडे, असं त्यांनी घास तोंडात असलेल्या लोकांना ऐकवलं. शेवट अर्थातच धमकीने केला. "कसाऱ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला ना, तर तुमी सगळे उपाशी," असं म्हणाले आणि खाली बसून दोन वाट्या पनीर खाल्लं. मी नंतर विचारलं, तर टाकून देणं त्याहून मोठं पाप, असं उत्तर मिळालं.

माझं शहापुरात बियाणं आणि खतांचं दुकान आहे. हे साडूंच्या दृष्टीने आमच्या घराण्यावरचं लांच्छन. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाक ठेवला आहे; त्यावर आठवड्यातून एकदा तरी ते येऊन बसत, आणि बसता बसता मला विचारत, "काय शेठ, आज कोणाची जमीन मारली?" चहा माझा प्यायचा, पंखा माझा घ्यायचा आणि माझ्याच गिऱ्हाइकाला परत पाठवायचं, हा त्यांचा ठरलेला कार्यक्रम. एकदा एक शेतकरी भातावरच्या किडीचं औषध घ्यायला आला. साडूंनी त्याला बाकावर बसवून घेतलं. खाचरात जागोजागी फांद्या रोव, त्यावर पाखरं बसतील, ती अळ्या खातील. बेडूक मारू नको, खेकडा बीळ करतो म्हणून त्याच्यावर विष ओतू नको, ओहोळातून मासा वर खाचरात चढला तर चढू दे. खाचर म्हणजे नुसता भाताचा कारखाना नाही, त्यात सगळं गणगोत राहतं, असं बराच वेळ चाललं. तो शेतकरी इतका भारावला की जाताना साडूंच्या पाया पडला, माझ्याकडून काहीही न घेता निघाला आणि समोरच्या दुकानात जाऊन तेच औषध घेऊन गेला. मी काचेतून पाहत होतो. साडूही पाहत होते. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे एकाच दुःखात बसलो होतो, फक्त कारणं वेगवेगळी होती.

सभा-शिबिरांतून त्यांना एकदाच बोलावणं आलं. शहरातून आलेल्या लोकांनी बदलतं हवामान आणि शेती या विषयावर एका सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. मागे भिंतभर प्लास्टिकचा फलक, प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याची इवलीशी बाटली. अनुभवी स्थानिक म्हणून साडूंना बोलायला उभं केलं. त्यांनी हवामानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. ही बाटली कुठल्या पाण्याची, तो फलक उद्या कोणत्या नाल्यात जाणार आणि तुमच्यापैकी पावसात खाचरात किती जण उतरला आहात, एवढंच विचारलं आणि खाली बसले. त्यांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार करण्यात आला. पुन्हा बोलावलं नाही.

बोलण्यावर थांबले असते तर साडू हे आमच्या नात्यातलं एक सोसण्याजोगं संकट ठरलं असतं. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी गावावरच्या डोंगराचा उतार मनावर घेतला. आमच्याकडे पावसाआधी भाताची रोपं जिथे करायची ती जागा भाजतात. झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्यावर शेण, पालापाचोळा, माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. भाजलेल्या जागेत तण मरतं आणि रोप जोमदार येतं. पण त्यासाठी दर वर्षी डोंगरावरच्या ऐनाच्या फांद्या छाटल्या जातात, आणि उन्हाळ्यात ती झाडं वर मूठ करून उभ्या केलेल्या हातांसारखी दिसतात. छाटणीतून वाचलेलं शेळ्या खातात. डोंगर उघडा पडला, माती वाहून खाचरात आली, आणि गावाचा जो झरा साडूंच्या लहानपणी पाऊस येईपर्यंत वाहायचा तो होळीलाच आटू लागला. साडूंनी ग्रामसभेत उभं राहून मागणी केली की या उताराला पाच वर्षं कोणी कोयता लावायचा नाही आणि शेळी सोडायची नाही. पाऊस आता आपल्या वेळेने येणार नाही, जेव्हा येईल तेव्हा त्याला धरून ठेवणारं काहीतरी वर पाहिजे, हे त्यांचं म्हणणं.

गावाने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, राब नाही भाजला तर रोपांतलं तण कोण काढणार. साडूंच्या स्वभावात एक खोट आहे. वादात उत्तर सुचलं नाही की ते स्वतःलाच उत्तर म्हणून पुढे करतात. "मी काढीन," असं ते भर सभेत म्हणाले. आक्कांनी तिथेच कपाळाला हात लावला. गावालाही गंमत वाटली असावी, कारण ठराव लगेच मंजूर झाला.

त्या आषाढात मी गेलो तेव्हा धरणाचे सगळे दरवाजे ज्यांच्या हाताखाली हलत ते आमचे साडू दुसऱ्याच्या रोपवाटिकेत ओणवे होते. ज्याने राब भाजला नाही त्याचं तण हे काढणार, असा गावाने अर्थ लावला होता. आणि आळशी माणसालाही अचानक झाडांचा कळवळा आला होता. साडू रोज नव्या घरच्या रोपांत बसत, घरवाले बांधावर उभे राहून त्यांना राहिलेलं तण दाखवत. संध्याकाळी कंबर धरून घरी आले की आक्का एरंडाचं पान गरम करून शेकत आणि तोंडाने जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी लोक जरा लाजले. मग कोणी पेंढा पसरून बघितला, कोणी नुसतं शेण जाळलं, कोणी माझ्याकडून तणनाशक नेलं. शेवटच्या प्रकाराची बातमी साडूंना लागली तेव्हा ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. तो महिना मला फार स्वस्थ गेला.

शेळ्यांचं प्रकरण याहून अवघड होतं, कारण शेळ्यांच्या मागे चांगुणाकाकी होती. काकी साडूंपेक्षा वयाने मोठी, एकटी राहणारी, आणि जिभेने सगळ्या गावाला भारी. शेळ्या हाच तिचा संसार. ठराव झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने शेळ्या उतारावर सोडल्या. साडूंनी हाकलल्या. तिने परत सोडल्या. मग शेळी एका बाजूने ओढणारे साडू आणि दुसऱ्या बाजूने ओढणारी काकी हे दृश्य गावाला रोज सकाळी फुकट मिळू लागलं. शेवटी काकीने विचारलं की माझी जनावरं उपाशी मेली तर तुझं झाड मला दूध देणार काय. साडूंनी पुन्हा स्वतःलाच पुढे केलं. तेव्हापासून ते रोज खालच्या माळावरून गवत आणि पाला कापून तिच्या दारात टाकू लागले. पेन्शनीतला सरकारी माणूस शेळ्यांचा वाढपी झाला. काकी भारा उलगडून बघायची आणि कालचं शिळं आणलंस म्हणून परतही पाठवायची. साडू ते खाली नेऊन ताजं कापून आणायचे. मी त्यांना म्हटलं, एवढी सेवा तुम्ही सासऱ्यांची केली असती तर आज जमीन तुमच्या नावावर असती.

पण डोंगर उठू लागला, हे मला कबूल करावं लागतं. आधी गवत, मग करवंदीची जाळी, मग छाटलेल्या ऐनांना फुटवे. साडूंनी उतारावर दगडांचे ठेंगणे बांध घातले होते, त्यांच्यामागे माती साठली. पावसाच्या सुरुवातीला रानभाज्या दिसू लागल्या, आणि साडूंनी आम्हा नवराबायकोला शेवळं खायला बोलावलं. शेवळं ही भाजी अंगात खाज घेऊनच जन्मते. ती मारायला काकडाची आंबट फळं घालावी लागतात, हे आमच्याकडे सगळ्या बायकांना माहीत. साडूंनी त्या दिवशी आक्कांना चुलीजवळ येऊ दिलं नाही. स्वतः राखलेल्या डोंगरावरची भाजी असल्यामुळे ती खाजणार नाही, अशी त्यांची समजूत असावी. पहिल्या घासाला माझा घसा धरला, दुसऱ्याला बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. साडूंचा स्वतःचा आवाज बसून कुजबुजीवर आला होता, तरी त्या कुजबुजीत ते आम्हाला या भाजीतल्या सत्त्वाविषयी सांगत होते. आक्का पाटावर बसून निवांत चटणीभाकरी खात होत्या.

मग ते वर्ष आलं. पाऊस उशिरा सुरू झाला, चारआठ दिवस धो धो कोसळला, आणि ऐन भात पोटरीत आलं असताना नाहीसा झाला. आभाळ चैत्रासारखं निळं. खाचरांना भेगा पडू लागल्या. आसपासच्या गावांत भात उभ्याउभ्या पांढरं पडत होतं; माझ्या दुकानात माणसं येत, काही घेत नसत, नुसती बाकावर बसून जात. साडूंच्या गावात मात्र झरा चालू होता. हाताच्या मनगटाएवढी धार, पण रात्रंदिवस. साडूंनी तिला चर खणून पाटात आणलं, पाटाच्या तोंडाशी लाकडी फळी बसवली, आणि त्या फळीशेजारी दगडावर जाऊन बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली पुन्हा एक दरवाजा आला होता. फळी दोन बोटं वर करायची की तीन, यावर ते भुवया आवळून विचार करत. खाली कोणाच्या खाचरात पाणी पोचलं की तिथून हाक यायची आणि हे उभे राहून, हात वर करून, फळी पाडत. मी बघायला गेलो होतो. मुंबईला पाणी सोडताना त्यांचा चेहरा असा कधी झाला नसेल.

पाळ्या त्यांनीच लावल्या. ज्याचं खाचर पाटापासून लांब त्याला आधी. स्वतःचं सगळ्यात शेवटी. काकीच्या एवढ्याशा भाताच्या तुकड्याला पाळी आली तेव्हा काकीने बांधावरून ओरडून सांगितलं की धार बारीक आहे, आणि साडूंनी मुकाट्याने फळी आणखी वर केली. गावाचं भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. त्या पट्ट्यात हिरवी खाचरं तेवढीच राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर साडूंना पुढे कोणी आवरू शकलं नसतं. पण दिवाळीच्या तोंडावर, ज्या पावसाचं पंचांगात नाव नाही असा पाऊस आला, सोबत वारा घेऊन. गावाने बहुतेक माझ्या दुकानातलं ठेंगणं, लवकर होणारं बियाणं पेरलं होतं. अर्धं तर कापून झालं होतं, उभं होतं ते थोडं वाकून उभंच राहिलं. साडूंच्या खाचरात मात्र त्यांचं जुनं, गरवं म्हणजे उशिरा होणारं, माणसाच्या छातीला लागणारं भात होतं. वर्षानुवर्षं ते सांगत आले होते की हवामान कसंही फिरो, शेवटी हेच टिकणार. ते एकाच संध्याकाळी पार आडवं झालं. लोंब्या चिखलात गेल्या, आणि चार दिवसांनी चिखलातच त्यांना मोड आले.

गाव हसलं. फार दुष्टपणाने नाही, पण ज्याने वर्षानुवर्षं जेवताना भाषण ऐकवलं आहे तो पडला की माणूस हसतोच. मीही हसलो. बायकोला तर मी दुकानातून फोन करून सांगितलं. मग एक आठवडा गेला, दुसरा गेला, बाक रिकामा राहिला. गिऱ्हाईक यायचं, औषध मागायचं, मी द्यायचो, ते घेऊन जायचं. मध्ये कोणी काही बोलत नसे. शेवटी बायकोने मला गावाला पाठवलं.

साडू खळ्यात बसले होते. पुढ्यात सडलेल्या पेंढ्या. त्यांतली एकेक लोंबी उचलून बघत होते आणि बाजूला ठेवत होते. मी शेजारी बसलो. वाटेत दोनचार टोमणे तयार केले होते, ते कुठे गेले कळलं नाही. ते स्वतःच म्हणाले, "बियाणं चुकलं शेठ माझं. पाणी नाय चुकलं." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून काही चुकल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तेवढ्यात चांगुणाकाकी आली. डोक्यावर टोपली, टोपलीत तांदूळ. तिने ती साडूंपुढे टेकवली. साडूंनी तांदूळ बोटांत घेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं; दाणा कोणाच्या दुकानातल्या बियाण्याचा आहे ते दोघांनाही दिसत होतं. हा तांदूळ मी खात नाही, असं त्यांनी काकीला सांगितलं. ताठपणाने नाही, जरा हरवल्यासारखं.

काकी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुज्या पाण्यावर पिकलाय रे तो. नाय खायचा तं कोंबड्यांना घाल. पण माज्या डोक्यावर परत ठेवू नको, मान दुखते माजी." आणि निघून गेली. जाताना तिने शेळ्यांचं गवत आज आलं नाही, हेही सांगितलं.

संध्याकाळपर्यंत आणखी घरांतून आलं. कोणी शेरभर, कोणी सूपभर, कोणी नुसतंच ओसरीवर ठेवून गेलं. आक्कांनी रात्री त्यातलाच भात केला. साडूंनी ताट पुढे घेतलं, तांदूळ कुठून आला ते विचारलं नाही, मान खाली घालून जेवले आणि पुन्हा भात मागून घेतला. आक्कांनी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

पुढच्या पेरणीला त्यांनी माझ्या दुकानातून बियाणं नेलं. अर्ध्याच खाचरासाठी, आणि पिशवी शर्टाच्या आत लपवून. अर्ध्यात जुनंच पेरलं. ग्रामसभेत उताराची मुदत वाढवायचा विषय आला तेव्हा साडू गुडघ्याच्या दुखण्याने घरी पडून होते. ठराव काकीने मांडला, असं मला नंतर कळलं. ज्याला विरोध करायचा त्याने पुढे येऊन बोलावं, असं ती म्हणाली, आणि कोणी पुढे आलं नाही.

आता ते गुडघे त्यांना चढू देत नाहीत. डॉक्टरांनी डोंगर बंद केला आहे. गेल्या वैशाखात मी गेलो तर ते ओसरीवर खाटेवर होते, आणि मला चहाही न विचारता म्हणाले की वर जाऊन ये आणि काय काय आहे ते सांग. माझं पोट आणि तो चढ यांचा काही मेळ नव्हता, पण गेलो. तासाभराने धापा टाकत खाली आलो. त्यांनी विचारलं, बांधाजवळचा ऐन केवढा झाला. मी म्हटलं, तिथे एक मोठ्या पानांचं झाड आहे. ऐन की साग, ते म्हणाले. मी म्हटलं, हिरवं आहे. एवढी वर्षं शेतीचं दुकान चालवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना त्या क्षणी काय वाटलं ते त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि मीही ते पूर्ण ऐकून घेतलं. पाखरं कुठली होती, तेही मला सांगता आलं नाही. बोलत होती, एवढं सांगितलं.

तरी त्यांना जे विचारायचं होतं ते विचारत नव्हते. मीच म्हटलं, झऱ्यात हात घालून तोंड धुतलं. त्यांनी हात पुढे केला, माझ्या शर्टाची ओली बाही दोन बोटांत धरली, आणि ती सुकेपर्यंत सोडली नाही.